मलप्पाचं खरं वय

१

सारणवाडीच्या शाळेत चोरी झाली आणि चोरानं खडूचा डबासुद्धा हलवला नाही. संगणक होता तिथंच राहिला, तांदळाची पोती राहिली. दाखल-खारीज रजिस्टरातलं एक पान तेवढं गेलं.

शाळेच्या कारभाराशी ज्यांना कर्तव्य नाही त्यांना यात काय बिघडलं असं वाटेल. पण शाळा निघाल्यापासून तिच्यात पाऊल टाकलेलं प्रत्येक पोर या रजिस्टरात असतं. नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, कधी आलं, कधी गेलं. खेड्यातल्या जुन्या माणसांच्या वयाला बहुधा दुसरा पुरावा नसतो. म्हणून छप्पर गळलं तरी चालेल, पण रजिस्टर जपलं पाहिजे असं या खात्यात सगळेच मानतात.

पान गेल्याचं कळलं ते एका दगडामुळं. गावचा मलप्पा बसलिंगप्पा हुडगे एकाहत्तरच्या लढाईत पूर्वेकडच्या आघाडीवर कामी आला होता. चौपन्न वर्षांनी गावाला त्याची आठवण झाली आणि येत्या सव्वीस जानेवारीला शाळेसमोर त्याच्या नावाचा दगड उभारायचं ठरलं. दगडावर जन्मतारीख कोरायची म्हणून मुख्याध्यापिका भार्गवी मॅडमनी रजिस्टर काढलं, तर एकशे चाळीस नंबरनंतर एकदम एकशे एकसष्ट. शाळा सोडल्याच्या दाखल्याची जी प्रत शाळेत राहते त्या स्थळप्रतीवर मलप्पाचा नंबर होता एकशे सत्तेचाळीस.

तालुक्याहून दोन ओळींचं पत्र आलं. सोमवारपर्यंत चौकशीचा अहवाल द्या, नाहीतर लिपिक संगमेश्वर यांना निलंबित करा. कपाटाची किल्ली संगमेश्वरकडं होती आणि त्याच्या नोकरीचे सहा महिने उरले होते.

मॅडमनी वरिष्ठांच्या परवानगीनं नांदेडला फोन लावला तो अनंतराव कौसडीकरांना. अनंतराव म्हणजे निवृत्त शिक्षण विस्तार अधिकारी, वय सत्तर, बोगस पटाचे कर्दनकाळ. नसलेली पोरं हजेरीवर दाखवणारे अकरा मास्तर त्यांनी घरी बसवले होते. त्यांनाच बोलवायला आणखी एक कारण होतं. एकोणसाठ साली या शाळेचे हेडमास्तर होते दत्तोपंत कौसडीकर, अनंतरावांचे वडील. गेलेलं पान त्यांच्या अक्षरातलं होतं.

"मलप्पा?" अनंतराव फोनवर एवढंच म्हणाले. सारणवाडीच्या ओढ्यात ज्याच्याबरोबर ते दुपार दुपार डुंबले होते, तोच हा मलप्पा.

२

शनिवारी सकाळच्या गाडीनं ते निघाले. लोह्याला चहा घेतला, लातूरला गाडी बदलली आणि औशाहून रिक्षानं शाळेत पोचले. हातपाय धुण्याआधी त्यांनी रजिस्टर मागितलं.

पान फूटपट्टी लावून ब्लेडनं कापलं होतं. आता ज्यांनी जन्मभर असली रजिस्टरं हाताळली त्यांना ठाऊक असतं, की शिवलेल्या वहीतलं एक पान कापलं की त्याचं जोडपान सुटून हातात येतं. इथं ते सुटलं नव्हतं. आतून कागदाची बारीक पट्टी लावून ते जागच्या जागी चिकटवलं होतं. अनंतरावांनी खिशातून भिंग काढलं. पट्टीवर बारीक लाल मुंग्या हिंडत होत्या.

"मॅडम, तुमच्या शाळेत गोंद कुठला वापरता?"

भार्गवी मॅडमनी बाजारातली पांढरी बाटली दाखवली.

"याच्या वाटेला मुंग्या जात नाहीत. ही खळ आहे, कणकेची, घरून शिजवून आणलेली. कापल्यावर जोडपान सुटणार हे चोराला आधीच माहीत होतं. चोराला पान हवं होतं, पण रजिस्टर खराब व्हायला नको होतं."

एवढी काळजी घेणारा चोर अनंतरावांनी चाळीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नव्हता. त्यांनी संगमेश्वरला बोलावलं. अंगानं भरलेला, कपाळाला भस्माचे पट्टे, चेहरा पार उतरलेला.

"किल्ली कुणाकडं असते?"

"माझ्याकडंच असती साहेब. दुसऱ्या कुनाकडं न्हाई."

"मग पान कुणी नेलं?"

"म्या नेलं म्हना अन् मोकळे व्हा."

"कशासाठी नेलंत?"

संगमेश्वर हातातली किल्ली चाचपू लागला. बिचाऱ्याला खोटं बोलायची सवय नव्हती, आणि घाईघाईनं शिकायचं ते वयही नव्हतं.

"सहा महिने राहिलेत तुमचे."

"हाव. ठाव हाय मला." त्यानं डोळे पुसले. "तुमी लिवा साहेब. म्या सही करतो."

अनंतरावांनी त्याला जाऊ दिलं आणि शेरेबुक मागवलं. शाळेला कुणी भेट दिली की दोन ओळी शेरा लिहून जायची जुनी पद्धत आहे. डिसेंबर महिन्यात साहेबरावांच्या तीन भेटी होत्या. हे साहेबराव म्हणजे माजी हवालदार आणि दगड उभारणाऱ्या समितीचे अध्यक्ष. आणि पाच डिसेंबरला एक शेरा होता, वळणदार, ओळीला धरून लिहिलेला: 'चौथीच्या मुलांचे पाढे ऐकले. सतरा व एकोणीस कच्चे आहेत. सराव घ्यावा. गुरम्मा हुडगे, सेवानिवृत्त शिक्षिका, लातूर.'

"ही मलप्पाची बहीण ना?"

"व्हय साहेब." संगमेश्वर दारातच उभा होता. "बाईंनी मला पैलीला शिकवलं."

अनंतरावांनी शेरेबुक मिटलं. चोरी करायला आलेलं माणूस पोरांचे पाढे तपासून सही ठोकून जाईल, हे शिक्षकाच्या बाबतीत अगदीच अशक्य नव्हतं. पण भावाचा दगड उभा राहावा असं सगळ्यात जास्त वाटायला हवं ते बहिणीला. तिनंच तो का अडवावा?

३

साहेबराव सापडले गवंड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये. काळा दगड आडवा ठेवलेला, त्यावर खडूनं मलप्पाचं नाव आणि खाली जागा मोकळी. साहेबरावांचं वय त्र्याहत्तर, पण पाठ अजून ताठ होती.

"बसा सायेब. गुर्जींचे चिरंजीव तुमी. लई मारलंय मला गुर्जींनी."

"पान कुणी नेलं असेल असं वाटतं?"

"कुनीका नेईना. पन दगडाचं काम अडून राहिलंय. मॅडम म्हनतात, रजिस्टराबिगर तारीख देता येत न्हाई."

"दाखल्याची स्थळप्रत आहे की. त्यात एक जून त्रेपन्न लिहिलंय."

"त्येच तर! पन नुसत्या स्थळप्रतीवर सही करीनात."

अनंतरावांनी सहज विचारावं तसं विचारलं, "भरतीला तुम्ही दोघं बरोबर गेलात?"

साहेबरावांनी गवंड्याला पाणी आणायला पिटाळलं.

"म्या नेला त्याला. एकाहत्तरच्या जानेवारीत, लातूरला. म्या अठराचा, त्यो कागदावर साडेसतराचा. उंचीला माझ्यापेक्षा बोटभर जास्तच. छाती फुगवून उभा राहिला, घेतला की त्यांनी." साहेबराव दगडावरची धूळ पुसू लागले. "पैल्या राती उशी तोंडात धरून रडला सायेब. मंग सवय झाली. सगळी दाढी करायची तवा ह्यो बी साबन लावून बसायचा. काढायला काईच नसायचं. मला इचारायचा, सायबू, समद्यांना मिशा फुटल्या, मलाच का रं न्हाई? म्या हसायचो. म्हनायचो, येतील लेका, उशीर झालाय."

"तुम्हाला तेव्हा शंका आली नाही?"

"आली. सांगितली न्हाई कुनाला." मोकळ्या जागेवरून त्यांनी पंजा फिरवला. "पंधरा डिशेंबरला गेला. माझ्याफुडं दहा पावलं व्हता. आता ह्यो दगड म्या घातल्याबिगर मला मरन सुदिक नीट याचं न्हाई."

साहेबरावांना दगड हवाच होता. पान नाहीसं करून त्यांचं नुकसानच झालं असतं. अनंतरावांनी मनातल्या मनात त्यांचं नाव खोडलं, पण तोंडाला साबण लावून बसलेला मलप्पा काही डोळ्यांपुढून हलेना.

४

रविवारी सकाळी त्यांनी शाळेच्या माळ्यावरून जुने बस्ते उतरवले. लाल फडक्यात बांधलेल्या एकोणसाठपासूनच्या हजेऱ्या कसरीनं थोड्या खाल्ल्या होत्या, पण वाचता येत होत्या. दत्तोपंतांचं अक्षर बघून अनंतरावांना नाही म्हटलं तरी अभिमान वाटला. गुरुजींच्या काळी जन्मतारखा कुणालाच ठाऊक नसत. पोरगं शाळेत आलं की उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावायचा. कान हाताला लागला तर सहा वर्षं पूर्ण, लिहा एक जून. नाही लागला तर पुढल्या वर्षी या. या बाबतीत दत्तोपंत पाटलाच्या पोरालाही सोडत नसत, असं गाव सांगायचं.

अनंतराव एकेक पान उलटत गेले आणि हळूहळू त्यांचा हात थांबायला लागला.

मलप्पा एकोणसाठ साली पहिलीत होता. साठ साली पहिलीत. एकसष्ट सालीही पहिलीतच. गुरम्मा दरवर्षी वरच्या वर्गात गेलेली. दोघांची हजेरी शेजारी शेजारी ठेवली तर गुरम्मा ज्या दिवशी हजर त्याच दिवशी मलप्पा हजर. ती दोन दिवस आली नाही की हाही दोन दिवस नाही. तीन वर्षांत एकदाही चूक नाही. हे पोरगं आपल्या पायानं शाळेत येत नव्हतं. बहिणीच्या कडेवर येत होतं.

मग त्यांना आणखी एक गोष्ट आठवली. त्यांचे आणि मलप्पाचे पुढचे दुधाचे दात एकाच उन्हाळ्यात पडले होते. दोघांनी मिळून ते शाळेच्या कौलांवर फेकले होते. अनंतराव पंचावन्न सालचे. त्रेपन्न साली जन्मलेल्या पोराचे नवे दात तोवर येऊन जुने झाले असते. मलप्पा थोराड होता म्हणून ते त्याला जन्मभर मोठा समजत आले होते.

म्हणजे एकोणसाठच्या जूनमध्ये तो साडेतीन-चार वर्षांचा असणार. तेवढ्या लेकराचा हात डोक्यावरून कानाला लागत नाही. कुठल्याच लेकराचा लागत नाही. तेव्हा दत्तोपंतांची ती चूक नव्हती. त्यांनी जाणूनबुजून लिहिलं होतं.

का लिहिलं, तेही त्याच बस्त्यात होतं. हजेरीला टाचणीनं लावलेलं त्या सालचं एक पत्र होतं: पट चाळीसच्या खाली गेल्यास दुसरे शिक्षक परत घेण्यात येतील. आणि जूनअखेरची बेरीज गुरुजींच्या सुबक अक्षरात होती: पट ४०.

अकरा मास्तरांना घरी बसवणारे अनंतराव त्या पत्राकडं बघत जमिनीवर बसून राहिले. भार्गवी मॅडमनी चहा पाठवला, तो तसाच निवला.

थोड्या वेळानं त्यांचं डोकं पुन्हा कामाला लागलं. ते उठून मॅडमच्या खोलीत गेले.

"आपण उलटा विचार करत होतो, मॅडम. पान नेणाऱ्याला काहीतरी लपवायचं होतं असं धरून चाललो. पण त्या पानावर एक जून त्रेपन्न होतं, स्थळप्रतीत तेच आहे आणि दगडावरही तेच येणार होतं. मग लपलं काय? काहीच नाही. पान गेल्यानं एकच गोष्ट झाली, दगडावरची तारीख अडली. म्हणजे पान नेणाऱ्याला ती तारीख कोरली जायला नको होती. ती खोटी आहे हे ज्याला माहीत आहे, त्यालाच असं वाटेल."

"कुणाला माहीत असेल?"

"जिनं त्याला कडेवर आणलं तिला. रजिस्टर कापताना जोडपान सांभाळायची अक्कलही शिक्षिकेलाच असते. आणि संगमेश्वर आपल्या पहिलीच्या बाईंसाठी नोकरी घालवायला निघालाय."

भार्गवी मॅडमनी शेरेबुक उघडून पाच डिसेंबरचा शेरा पुन्हा वाचला.

लातूरला निघण्याआधी अनंतराव गावातल्या मठात जाऊन आले. हुडग्यांच्या घरात मूल जन्मलं की स्वामी येऊन त्याच्या गळ्यात लिंग बांधतात, आणि जुने स्वामी तशी नोंद ठेवत. वहीत ओळ सापडली: बसलिंगप्पा हुडगे यांचा मुलगा, लिंगधारण, कार्तिक शुद्ध पंचमी, शके १८७७. म्हणजे पंचावन्न सालची दिवाळी नुकती झाली होती.

मलप्पा गेला तेव्हा सोळा वर्षं आणि एक महिन्याचा होता.

५

गुरम्माचं घर लातूरला, दोन खोल्यांचं. तिनं दार उघडलं, अनंतरावांकडं नीट पाहिलं आणि म्हणाली, "अनंता का रे तू? गुरुजींसारखाच दिसायलास. ये."

त्यांनी आडवळण घेतलं नाही. "अक्का, संगमेश्वरला उद्या निलंबित करतील."

"संगूला?" ती खाली बसली. "त्याला कशाला? त्यानं काय केलं? म्या म्हनले, मला भावाचं नाव एकदा बघू दे, अन् तू जरा बाहेर जा. त्यो गेला. त्याला कायबी ठाव न्हाई."

"नंतर कळलंच असेल त्याला. पण तो सांगत नाही."

ती तशीच उठली. कपाटातून दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवलेलं पान काढून तिनं त्यांच्यापुढं ठेवलं. त्यावर एक सुरकुती नव्हती. एकशे सेहेचाळीस, गुरम्मा. एकशे सत्तेचाळीस, मलप्पा. शाई काळी, अक्षर दत्तोपंतांचं.

"मला नसतं पाठवलं शाळेत," गुरम्मा म्हणाली. "आई शेतात जायची, बारक्याला कोन सांभाळील? गुरुजी घरी आले. म्हनले, दोघांनाबी येऊ द्या, दोघांचीबी नावं घालतो. म्या आठ वर्सांची व्हते. त्याला फळ्याखाली बसवायचे, कांडी खडू खायचा. म्या शिकले ते त्याच्या जिवावर."

"पटाला दोन पोरं कमी पडत होती, अक्का. आमच्या वडिलांनी त्यासाठीही लिहिलं."

"असंल. पन मला शाळा मिळाली ना." तिनं पान त्यांच्याकडं सरकवलं. "तुला वाटतंय गुरुजींची चूक. तसं न्हाई."

"मग?" अनंतरावांनी विचारलं.

"भरतीच्या आदल्या दिवशी त्यो दाखला घेऊन माझ्याकडं आला. म्या नुकती शिक्षिका लागले व्हते, तीन महिने झाले असतील. म्हनला, अक्का, साहेबरावला मिशी आली, मला न्हाई. मी खरंच सतराचा हाय का गं?" गुरम्मानं पानावरची ओळ बोटानं दाखवली. "त्याला ठावच नव्हतं रे अनंता. त्याला कुनी सांगितलंच नव्हतं. जे लिवलं त्येच त्याला खरं वाटायचं."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्या म्हनले, रजिस्टरात लिवलंय त्येच खरं."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. गुरम्मानं पदर तोंडाला लावला.

"त्याच्या वरच्या ओळीत माझं नाव हाय. माझी तारीख बी अदमासानंच. त्याचं खोटं निघालं तर माझं बी काढतील, नोकरी जाईल, असं वाटलं. वाटलं, तिथं मोजमाप करतील अन् त्येच घरी धाडतील. एक शब्द बोलले असते तर ऱ्हायला असता. अनंता, आमच्यात माती देतात, जाळत न्हाईत. त्याला तिकडंच अग्नी दिला. त्याच्या गळ्यातलं लिंगसुदिक परत आलं न्हाई. अन् आता त्येच खोटं दगडावर घालाय लागले. कागद कधी ना कधी फाटतो. दगड माझ्यामागंबी ऱ्हायला असता."

"सांगून का नाही टाकलंस?"

"सांगून काय? गाव म्हनल, खोट्या कागदावर गेला, त्याला दगड कशाला पायजे? ऱ्हायलंय काय त्याचं? तेवढाच मान."

अनंतरावांच्या डोळ्यांना धार लागली आणि ती त्यांनी पुसलीही नाही. तिच्याच टेबलावर बसून त्यांनी कागद ओढला आणि अहवाल लिहायला घेतला. लिहायला वेळ लागला नाही, एका ओळीवर मात्र हात अडला, आणि तीही त्यांनी लिहिली. मग वाचून दाखवलं.

"'गहाळ पान सापडले असून रजिस्टरात जोडण्यासाठी शाळेकडे देत आहे. लिपिक श्री. संगमेश्वर यांचा कोणताही दोष नाही. दाखल क्रमांक १४७ ची जन्मतारीख खोटी आहे. पट भरण्यासाठी ती तत्कालीन हेडमास्तर कै. दत्तोपंत कौसडीकर यांनी जाणूनबुजून लिहिली. ते माझे वडील होत. मठातील नोंदीप्रमाणे मलप्पाचा जन्म कार्तिक, शके १८७७ चा असून मृत्यूसमयी त्याचे वय सोळा वर्षे एक महिना होते. स्मारकावर तेच कोरावे. ज्या वयात त्याला कुणी पाठवायलाच नको होते, त्या वयात तो गेला आणि लढला, म्हणून त्याचा मान कमी होत नाही.'"

"पान कुनी नेलं ते न्हाई लिवलं," गुरम्मा म्हणाली.

"पान परत आलंय. संगमेश्वर सुटतोय. तेवढं पुरे."

तिनं अहवाल हातात घेतला आणि चष्मा लावून पोरांची वही तपासावी तसा पहिल्या ओळीपासून वाचला. मग हात पुढं करून पेन मागितलं.

"अक्का, राहू दे. गरज नाही."

"दे."

तिनं अनंतरावांच्या सहीच्या वरची मोकळी जागा बघितली, समास धरला आणि सावकाश लिहिलं: 'वय खोटे असल्याचे मलप्पाच्या बहिणीस माहीत होते. विचारले असता तिने सांगितले नाही. मुलास माहीत नव्हते.'

खाली तिनं पूर्ण नाव लिहून सही केली, तारीख टाकली आणि शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून बसली.